निसणखिंडीच्या नकाशातला निळा चौकोन

दाजी, तुमचा फ्लेक्स लागलाय.

निमगावात, डेअरीसमोरच्या चौकात. फोटो तुमच्या सुधीरच्या लग्नातला घेतलाय, फेटा बांधलेला, कपाळाला आठी. ती आठी माझ्यामुळे होती हे आता फक्त मला आणि अक्कालाच माहीत. ऐन वरातीत माझा जनरेटर बंद पडला होता आणि तुम्ही फोटोवाल्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता. फोटोखाली लिहिलंय, 'निसणखिंड स्मृतिमोहीम, रविवार'. आणि या सगळ्याच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुमचा तो जुना नकाशा.

पोरांनी नकाशाचा मोबाईलवर काढलेला फोटो मोठा केलाय. डोंगराच्या तपकिरी रेघा दोरखंडाएवढ्या जाड दिसतात. खिंडीच्या अलीकडचं दगडातलं टाकं मूळ नकाशावर तिळाएवढं आहे, ते फ्लेक्सवर तळहाताएवढं झालंय, आणि ते निळं आहे. त्याच्याकडे बाण काढून तुमच्या पोरानं छापलंय, 'पाणी'. सगळ्यात खाली सूचना: प्रत्येकाने फक्त एक लिटर पाणी सोबत घ्यावे.

चैत्र संपत आलाय. चौतीस जणांनी नावं दिलीत, त्यात शाळेतली नववीची पोरंपोरी आहेत. चढ तीन तासांचा आणि वरच्या अर्ध्या वाटेला सावली नाही. तो निळा रंग नकाशात मुळात नव्हताच, तो तुम्ही भरलात, आणि हे माहीत असलेला मी एकटाच जिवंत माणूस आहे, असं मी तेव्हा समजत होतो.

गुरुवारी सकाळी मी तो फ्लेक्स पाहिला, गाडी स्टँडवर लावली आणि उन्हात तसाच उभा राहिलो. रडू आलं म्हणून नाही, राग आला म्हणून. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला आणि एवढ्या दिवसांत मला पहिल्यांदा तुमचा राग आला. खरं सांगतो, त्यानं जरा बरंही वाटलं. तुमच्यावर रागावल्याशिवाय मला तुमच्याशी बोलता येतच नाही.

नकाशा कसा आला ते मी तेराव्याला चार लोकांना सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं नाही, म्हणून आता तुम्हालाच सांगतो. जुन्नरच्या एका रिटायर्ड साहेबांच्या बागेत तुम्ही पाणी दाखवलं होतं. तुमची पाणाड्याची रीत म्हणजे तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, अनवाणी चालायचं, आणि नारळ जिथे उभा राहील तिथे टाच रोवायची. बोअर पडली की तिच्यात मोटर सोडायचं काम माझं. पैशाला तुम्ही हात लावायचा नाहीत. नारळ तिथेच फोडायचा, एक भकल, म्हणजे अर्धा नारळ, पाण्यापाशी ठेवायची, दुसरी घरी आणून घरच्यांना द्यायची, एवढंच. साहेबांना काहीतरी द्यायचंच होतं, त्यांनी माळ्यावरून गोऱ्याच्या वेळचा हा नकाशा काढून दिला. मागे कापड डकवलेला, इंचाला मैल. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरलात, आणि उलटा धरलात.

तो सरळ करून द्यायचा मान माझा. त्यावरची इंग्रजी अक्षरं मी वाचायची, कारण मी आयटीआय झालेलो, आणि जमीन तुम्ही वाचायची. त्या तपकिरी रेघा जिथे दाटीनं येतात तिथे कडा आणि जिथे पांगतात तिथे पठार, हे मी सांगायच्या आधीच तुम्हाला कळलं. मी विचारलं कसं, तर म्हणालात, बैलाच्या अंगावरचे वळ वाचता येतात तर हे का येणार नाही. मी त्याला अडीच इंची पीव्हीसी पाइपची नळी केली, दोन्हीकडे एंड कॅप लावून. त्या नळीत तो तुमच्या पाठीवरून पंधरा वर्षं डोंगर चढला.

आणि आपण एक नियम केला. गोऱ्यानं दाखवलेलं एकेक ठिकाण शोधायचं, देऊळ, वाट, टाकं, जे असेल ते, आणि दोघांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नकाशावर पेन्सिलीची खूण करायची नाही. एकानं पाहिलेलं धरायचं नाही. नियम तुमचा होता, दाजी. मी तर म्हणालो होतो, एवढं कशाला, आपण काय मोजणी खात्यातले आहोत का. तुम्ही म्हणालात, एकट्या माणसाला डोंगरात काय वाट्टेल ते दिसतं.

कोपऱ्यातल्या खुणांचा अर्थ मात्र मी शिकवला. निळं म्हणजे बारमाही पाणी. काळा पोकळ चौकोन म्हणजे टाकं आहे पण कोरडं. ते मी तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं, कारण पाणी म्हटलं की तुमचे कान उभे राहायचे. पुढचा सगळा घोळ त्या शिकवणीतून झाला.

निसणखिंडीला आपण मार्गशीर्षात गेलो, चार वर्षांपूर्वी. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पाण्याच्याही पलीकडे, जिथून कोकण खाली दिसतं. कड्यात पाय ठेवायला खोबण्या कोरल्यात, तिला तिकडचे लोक निसण म्हणतात, तीवरून चढलो आणि वर ते टाकं सापडलं. दगडधोंड्यांनी आणि पाल्यानं काठोकाठ भरलेलं. मार्गशीर्षातसुद्धा ठणठणीत कोरडं. मी म्हणालो, काळा चौकोन बरोबर आहे, खूण करा. तुम्ही पिशवीतून खिंडीतल्या देवासाठी आणलेला नारळ काढलात, तळहातावर ठेवलात, आणि टाक्याच्या आतल्या कोपऱ्याशी तो उभा राहिला.

मी हसलो. तुमच्या तोंडावर हसलो, आणि त्याबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही, कारण तुम्हीही माझ्या मल्टिमीटरला हसायचात. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ह्या गोऱ्यानं वरनं बघितलं, पावणं. खाली न्हाई बघितलं."

मी म्हणालो, बरं, आहे खाली पाणी, पण किती? किती तास चालेल? तुम्ही म्हणालात, हाय म्हणजे हाय. आपलं आयुष्यभराचं भांडण तेवढंच होतं. तुम्ही पाणी आहे की नाही ते सांगायचात, आणि ते किती वेळ पुरेल हे मला विचारावं लागायचं, कारण मोटर जळाली की शिव्या मला बसायच्या. माझ्या पारगावच्या घरामागे मशीनवाल्यानं दाखवलेल्या जागी धूळ निघाली आणि तुम्ही दाखवलेल्या जागी पाणी लागलं, तेव्हाही मी तुमचे आभार मानले नाहीत. मशीन खराब असेल म्हणालो. ते पाणी आज सतरा वर्षं माझी पोरंबाळं पितायत.

मग गेल्या वैशाखातला तो दिवस. त्याबद्दल आपण पुन्हा बोललो नाही, म्हणून नीट लिहितो.

मी निमगावला आलो होतो, तुमच्या ओट्यावर बसलो होतो. तुम्ही आदल्या दिवशी कुठेतरी गेला होता आणि हातांना हळद लावलेली होती. अक्कानं खोबऱ्याचे तुकडे आणून दिले, ते मी खाल्ले. मग तुम्ही पाण्याची एक लिटरची बाटली आणून माझ्यापुढे ठेवलीत, नळी उघडलीत आणि नकाशा पसरलात. टाक्याचा चौकोन निळा होता. नातीच्या रंगीत पेन्सिलीनं भरलेला, रेघेच्या बाहेर न जाता.

"पी," म्हणालात. "निसणखिंडीचं हाय."

एकटे गेला होता. आपला नियम मोडून, भर वैशाखात, त्या वयात. मला त्याच गोष्टीचा राग आला होता दाजी, पाण्याचा नाही. मला न सांगता गेलात, मला न नेता गेलात, आणि वर नकाशावर रंग भरलात. ते मी बोललो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती. मी काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे. हे तुमच्या घरच्या फिल्टरचं पाणी आहे, म्हणालो, आणि बाटली उघडून ओट्याशेजारच्या कढीपत्त्याच्या बुडात ओतली. सगळी. तुम्ही बघत राहिलात. नकाशाची गुंडाळी केलीत, नळीत घातलीत, टोपण लावलंत. नंतरच्या दहा महिन्यांत आपण कामापुरतं बोललो. संक्रांतीला तुम्ही मला शेवटचं जे बोललात ते "च्या घ्या, पावणं" एवढंच होतं, आणि तेही अक्कानं डोळे वटारले म्हणून.

तर गुरुवारी मी चौकातून थेट तुमच्या घरी गेलो. सुधीर चाकणहून सुट्टी काढून आलेला, अंगणात टोप्यांचे गठ्ठे मोजत होता. मी त्याला सांगितलं की टाक्यात पाणी नाही, सूचना बदल, माणशी तीन लिटर घ्यायला लाव. त्यानं मान वर न करता सांगितलं की नकाशात आहे. मी म्हटलं, तो रंग तुझ्या बापानं भरलाय, नकाशात टाकं काळं आहे. नातीची पेन्सिल आहे ती.

तेव्हा त्यानं मान वर केली. बापासारखीच आठी.

"मामा, तुमचं भांडण व्हतं हे सगळ्या गावाला म्हायतीय," तो म्हणाला. "माणूस गेला तरी सोडत न्हाई का तुमी?"

त्याचं म्हणणं बरोबर असेल, असं क्षणभर मलाच वाटलं. मी चूक ठरलो तर एका मेलेल्या माणसाला सगळ्या गावासमोर खोटं पाडलेलं असेल, तेही त्याच्याच नावाच्या मोहिमेआधी. आणि गप्प बसलो, आणि टाकं कोरडं निघालं, तर चौतीस जणं भर उन्हात रिकाम्या बाटल्या घेऊन त्या कड्यावर असतील. यातली एखादी पोर भोवळ येऊन निसणीवरून पडली तर ते मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

अक्का दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"उद्या जाऊन बघून येतो," मी म्हणालो.

"मीबी येते," ती म्हणाली. "दोघांनी बगायचं आसा नेम हाय ना तुमचा?"

सुधीर म्हणाला, आई, काय बोलतेस, तुझे गुडघे. ती म्हणाली, माझे गुडघे माझ्याबरोबर येतील, तू टोप्या मोज. तुमची बायको आहे दाजी, ती कोणाचं ऐकणार.

शुक्रवारी उजाडताना निघालो. नारायणगाव, घोडेगाव, डिंभ्याच्या धरणाच्या कडेकडेनं वर. जीप माझ्या शेजाऱ्याची. अक्का तुमचे कॅनव्हासचे बूट घालून आली होती, पुढे कापडाचे बोळे कोंबून. नळी तिच्या मांडीवर होती. वाटेत तिला विचारलं की तुला त्या दिवसाचं काय माहीत आहे. तेव्हा कळलं की मी एकटा नव्हतो.

"त्यांनी मला सांगितलं व्हतं, वर जाऊन आलो म्हणून," ती म्हणाली. "हात सोललेले व्हते, मीच हळद लावली."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमच्या दोघांत मी कवा बोलले?" तिनं मांडीवरची नळी सरळ केली. मग म्हणाली, "आन मलाबी ठावं न्हाई, बाळू. माझ्याशी ते कधीच खोटं बोलले न्हाईत आसं काय न्हाई."

खालच्या वाडीत जीप लावली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं कुठे, मी सांगितलं. वरच्या टाक्यात पाणी असतं का, हेही विचारलं. तो म्हणाला, आमच्या बापाच्या वेळेला म्हणत व्हते, आता कोण जातंय तिकडं. म्हणजे हो नाही आणि नाहीही नाही. आमच्याकडे लिटरच्या तीन बाटल्या होत्या.

पहिला टप्पा झाडीतला, तो बरा गेला. साडेनऊला उघड्या धारेवर आलो आणि ऊन डोक्यावर बसलं. अक्का दर पन्नास पावलांवर थांबायची, पण बसायची नाही. मी नकाशा काढून बघायचो, रेघा दाटत चालल्या होत्या. पाणी घोटाघोटानं प्यायलो तरी निसणीपर्यंत दोन बाटल्या संपल्या. मला तेव्हाच तुमच्या पोराचा एक लिटरचा हिशेब आठवला. हा चढ एका लिटरवर होतच नाही दाजी. अर्ध्यातच बाटली संपते आणि मग माणूस फक्त त्या निळ्या चौकोनावर चालत राहतो.

निसणीवर मी खाली राहिलो आणि अक्काला पुढे घातलं. तिचा एकेक पाय हातानं धरून खोबणीत बसवत होतो. बूट मोठा, टाच मागे सरकायची. मधोमध तिचा पाय सुटला. तिनं दगड धरला, मी तिला धरलं, आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीतून तिसरी बाटली निसटली. ती खाली आपटत गेली, तिचा आवाज बराच वेळ येत होता. आम्ही दोघं तसेच चिकटून उभे. अक्का वर बघत म्हणाली, "पाय धर, वरला." मी धरला.

वर पोचलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. माझ्या जिभेला ओल नव्हती, आणि अक्काचे ओठ पांढरे पडले होते. परत त्याच निसणीवरून उतरायचं, मग उघडी धार, मग झाडी. मनात एकच विचार, टाकं कोरडं असेल तर बहिणीला मी खाली कसा नेणार. मी आयुष्यात कधी तुमचं म्हणणं खरं निघावं असा नवस बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो, दाजी.

टाकं रिकामं होतं.

म्हणजे दगड नव्हते त्यात. चार वर्षांपूर्वी काठोकाठ भरलेले दगड कोणीतरी एकेक करून वर काढले होते आणि कडेला ओळीनं रचले होते, मोठे खाली, बारके वर. तुमच्या खळ्यावरच्या बांधासारखे. ते हात कोणाचे हे सांगायला मला नकाशा लागला नाही. पण तळाला पांढरी धूळ होती. मी काठावर बसून बघत राहिलो. बरोबर ठरलो होतो मी. गोऱ्याचा काळा चौकोन बरोबर होता आणि माझंही बरोबर होतं, आणि इतकं वाईट मला तुमच्या सरणापाशीही वाटलं नव्हतं.

अक्का मात्र टाक्यात उतरली. सरळ आतल्या कोपऱ्याशी गेली, जिथे तुमचा नारळ उभा राहिला होता. तिथे एक चपटा दगड ठेवला होता, त्याच्यावर उपडी घातलेली करवंटी. अर्ध्या नारळाची, आतलं खोबरं मुंग्यांनी केव्हाच साफ केलेलं.

तिनं करवंटी उचलून छातीशी धरली. मला काय दिसत होतं सांगू? तुमच्या ओट्यावर मी खाल्लेले खोबऱ्याचे तुकडे. पाण्यापाशी एक भकल, घरच्यांना दुसरी. दुसरी मी खाल्ली होती. तीस वर्षं ती रीत पाहिली होती आणि तो नारळ कुठे फुटला हे मी विचारलंसुद्धा नाही. खोबरं चावून खाल्लं आणि पाणी ओतून दिलं.

मीही खाली उतरलो आणि दोघांनी मिळून चपटा दगड सरकवला. खाली ओंजळभर खळगा होता, तुम्ही छिन्नीनं खोल केलेला, आणि त्यात पाणी होतं. वरचा दगड तुम्ही ऊन लागू नये म्हणून ठेवला होता. अक्कानं करवंटी बुडवली, अर्धी भरली, माझ्यापुढे धरली.

"आदी तू पी."

मला ती हातात घेववेना. मी म्हणालो, तू घे, तुझे ओठ बघ.

"पी," ती म्हणाली. त्याच आवाजात, दाजी. चाळीस वर्षांच्या संसारात माणसाचा आवाज दुसऱ्याच्या घशात उतरतो.

मी प्यायलो. गार होतं. दगडाची चव आणि मागून किंचित खोबऱ्याची. तुमच्या फिल्टरच्या पाण्याला अशी चव नाही, कोणीही एका घोटात ओळखलं असतं. त्या दिवशी मी एक घोट घेतला असता तर दहा महिने वाचले असते. मी तिथेच बसून रडलो, आणि अक्कानं रडू दिलं.

पुढची करवंटी तिची. पण खळगा रिकामा झाला होता. पाणी दगडाखालच्या कपारीतून येत होतं, ठिबकत; खळगा भरला की बाकीचं मागच्या फटीत जिरत असावं. मी सवयीनं घड्याळ बघितलं, दुसरं मला येतं काय. अर्धी करवंटी भरायला वीस मिनिटं लागली. मोटरवाला म्हणून सांगतो, चौतीस जणांना हे पाणी तासभर थांबूनही एकेक घोट पुरलं नसतं. पाणी होतं, हे तुमचं खरं. पण किती, हा माझा प्रश्नही खरा होता. तुमचा निळा रंग खरा असूनही त्यानं पोरं मारली असती.

खिंडीत रेंज आली. मी सुधीरला फोन लावला. म्हटलं, तुझा बाप खरं बोलत होता, पाणी आहे, मी प्यायलोय. आणि माझंही ऐक, ते दोन माणसांचं पाणी आहे, माणशी तीन लिटर घ्यायला सांग आणि शाळेच्या पोरांना निसणीच्या खालीच थांबव. मग त्यानं विचारलं, "आईनं बघितलं का?" मी फोन अक्काकडे दिला. ती म्हणाली, "बघितलं. लई गोड हाय." एवढ्यावर तो हो म्हणाला.

नकाशा पसरून अक्कानं त्या निळ्या चौकोनाशेजारी पेन्सिलीनं खूण केली. रंग मी खोडला नाही. तो तसाच राहील.

मग ती म्हणाली, आता बसू, सुधीरसाठी एक बाटली भरून नेऊ. आमच्याकडे रिकाम्या दोन होत्या. मी हो म्हणालो आणि आकडा मांडला, मनातल्या मनात, धंद्यातल्या सवयीनं. एक लिटरला दहा अर्ध्या करवंट्या. एका अर्ध्या करवंटीला वीस मिनिटं. तीन तास वीस मिनिटं.

तिथेच मी थांबलो, दाजी. वैशाखातल्या उन्हात, सोललेल्या हातांनी, दगड उपसून झाल्यावर, तुम्ही याच जागी तीन तास वीस मिनिटं बसला होता. करवंटी करवंटी करून ती बाटली भरली होती. माझ्यासाठी. स्वतः किती प्यायलात कोण जाणे.

ती कढीपत्त्याला ओतायला मला दहा मोजेपर्यंतही वेळ लागला नव्हता.

आम्ही बाटली भरेपर्यंत बसलो.